विश्लेषण : कोंबडी, सुरवंट आणि बेडूक... मुलांना विज्ञानासाठी वर्गाबाहेर नेणाऱ्या ॲना कॉमस्टॉक कोण होत्या?

लहान मुलांना विज्ञान शिकवायचे तर प्रयोगशाळा हवी, साहित्य हवे आणि विज्ञानाची पदवी घेतलेला शिक्षक हवा, असा समज आजही पक्का आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील एकखोली खेडेशाळांकडे यातले काहीच नव्हते. सगळ्या इयत्ता एकत्र बसायच्या आणि शिकवायला एकच शिक्षिका असायची. तिचे विज्ञानाशी असलेले नाते बहुधा भीतीचेच असे. या शिक्षिकेला हाताशी धरून मुलांना कोंबडीची पिसे, ओढ्यातले बेडूकमासे आणि कोबीच्या पानावरची अळी पाहायला शिकवण्याचे काम ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक (१८५४-१९३०) यांनी केले. त्यांनी १९११ मध्ये लिहिलेला ९०० हून अधिक पानांचा ग्रंथ आजही छापला जातो. ज्या विद्यापीठासाठी त्यांनी हे काम केले, त्याने मात्र त्यांना दिलेले प्राध्यापकपद काढून घेतले होते.

बालपण कुठे गेले?

ॲना यांचा जन्म १ सप्टेंबर १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडील कॅटराउगस काउंटीत, ऑटो गावाजवळच्या ओंडक्यांच्या घरात झाला. मार्विन आणि फीबी बॉट्सफर्ड या शेतकरी दाम्पत्याचे हे एकुलते एक अपत्य. आई क्वेकर पंथाच्या वातावरणात वाढलेली. तिला झाडाफुलांची आणि आकाशाची ओढ होती. रानफुलांची गावाकडची नावे, पक्ष्यांचे आवाज, रात्री अंगणातून दिसणारे तारकासमूह हे सारे मुलीला शाळेच्या आधी आईकडून मिळाले. तो काही अभ्यास नव्हता. कामे करता करता झालेल्या गप्पा होत्या. पुढे ॲना यांनी शिक्षिकांना जी रीत सांगितली, तिचे मूळ इथेच आहे.

रँडॉल्फ येथील मेथॉडिस्ट संस्थेत शालेय शिक्षण झाले. एक वर्ष गावात शिकवून झाल्यावर १८७४ मध्ये त्या इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाल्या. तिथे मुलींना प्रवेश खुला होऊन जेमतेम दोनेक वर्षे झाली होती. तिथेच त्यांनी जॉन हेन्री कॉमस्टॉक या तरुण अध्यापकाचा कीटकशास्त्राचा वर्ग घेतला. हा माणूसही वेगळाच. ग्रेट लेक्समधील जहाजांवर आचारी म्हणून काम करताना किडींवरचे एक पुस्तक हाती पडले आणि त्याने आयुष्याची दिशाच बदलली. दोन वर्षांनी ॲना यांनी शिक्षण सोडले. १८७८ मध्ये दोघांचे लग्न झाले. पदवी मात्र त्यांनी सोडून दिली नाही. लग्नानंतर पुन्हा वर्गात बसून १८८५ मध्ये ती पूर्ण केली.

कीटकांची चित्रे कोरण्याचा इथे काय संबंध?

बराच आहे. जॉन हे १८७९ ते १८८१ या काळात वॉशिंग्टनमध्ये केंद्र सरकारचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ होते. तेव्हा फळबागा उद्ध्वस्त करणाऱ्या खवले किडीवर संशोधन सुरू होते. ही कीड टाचणीच्या डोक्याएवढी. पाठीवर मेणकट खवला घेऊन फांदीला चिकटून बसते. तिच्या जाती ओळखायच्या तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे बारकावे अचूक रेखाटावे लागतात. चित्रकलेचे फारसे शिक्षण नसलेल्या ॲना यांनी ही रेखाटने करायला घेतली.

त्या काळी शास्त्रीय पुस्तकांतील चित्रे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापत. कारागिराने कीटक नीट पाहिलेला नसला की पायाचे सांधे, पंखांच्या शिरा हमखास चुकत. यावर ॲना यांनी काढलेला उपाय सरळ होता. त्यांनी कोरण्याची कला स्वतःच शिकून घेतली. न्यूयॉर्क शहरातील कूपर युनियनमध्ये त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि पुढे त्या अमेरिकेतील लाकूडकोरीव चित्रकारांच्या मानाच्या संस्थेच्या सदस्य झाल्या. १८९५ मध्ये निघालेल्या पतीच्या कीटकविषयक मोठ्या ग्रंथात शेकडो चित्रे त्यांनी कोरलेली आहेत. १८८८ मध्ये ‘सिग्मा साय’ या वैज्ञानिकांच्या मानद संस्थेने प्रथमच महिलांना प्रवेश दिला. त्या पहिल्या चौघींत ॲना होत्या.

पतंगाचा पंख लाकडावर कोरायचा तर आधी तो तासन्‌तास पाहावा लागतो. शिरा कुठून फुटते, कुठे संपते, खवले कोणत्या दिशेने बसले आहेत, यात अंदाजपंचे चालत नाही. निसर्गाचा अभ्यास म्हणजे आधी नीट पाहणे, ही त्यांची पुढची भूमिका वर्गात तयार होण्यापूर्वी अशा कामात तयार झाली होती.

शेतीवरील संकटातून शाळेची चळवळ कशी उभी राहिली?

या चळवळीचा उगम शिक्षण खात्यात नाही, तर शेतीच्या मंदीत आहे. १८९१ ते १८९३ या काळात न्यूयॉर्क राज्यातील शेती कोसळली. कुटुंबेच्या कुटुंबे गावे सोडून न्यूयॉर्क शहराकडे निघाली आणि तिथल्या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थांवर ताण आला. शहरात येणाऱ्यांना मदत करत राहण्यापेक्षा गावे टिकवावीत, असा विचार काही परोपकारी मंडळींनी आणि शेतीतील जाणकारांनी मांडला. त्यासाठी समिती नेमली गेली. चर्चेअंती असे ठरले की, शेतात काय चालले आहे याचे कुतूहल मुलांमध्ये लहानपणीच जागवायला हवे. ज्याला माती, किडी आणि पाऊस कळतो तो शेती अधिक डोळसपणे करेल आणि कदाचित गाव सोडणार नाही.

हा हेतू थोडा भाबडा होता, हे आज सहज म्हणता येते. पडलेले बाजारभाव आणि कर्ज यांवर सुरवंटाचा धडा हा उतारा नव्हे. शहरांकडचा ओघ काही थांबला नाही. पण ज्या कारणासाठी काम सुरू झाले त्यापलीकडे ते गेले, ते प्रामुख्याने ॲना यांच्यामुळे. शहरालगतच्या वेस्टचेस्टर काउंटीतील शाळांत पहिला प्रयोग झाला. पुढे राज्य सरकारने निधी दिला आणि कॉर्नेलच्या कृषी महाविद्यालयाने ही जबाबदारी घेतली. तिचे नेतृत्व उद्यानविद्येचे ख्यातनाम प्राध्यापक लिबर्टी हाइड बेली यांच्याकडे होते. ॲना गावोगावच्या शाळांत, शिक्षकांच्या मेळाव्यांत जाऊ लागल्या. मुलगा शेतकरी होईल की नाही यापेक्षा त्याला आपल्या आसपासचे काही दिसते की नाही, हा प्रश्न त्यांच्या कामात हळूहळू मध्यभागी आला.

याच काळात जॉन स्पेन्सर या शेतकऱ्याने मुलांसाठी निसर्गमंडळे सुरू केली. तो मुलांमध्ये ‘अंकल जॉन’ म्हणून ओळखला जाई. मंडळाची वर्गणी पैशांत नव्हती. मुलांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टींबद्दल पत्र लिहायचे, हीच वर्गणी. हजारो मुलांची पत्रे इथाकाला येत. शुद्धलेखनाच्या वहीत जे मूल दोन ओळींवर थांबते, तेच घरट्यातून पडलेल्या पिलाबद्दल पान भरून लिहिते, हे त्या टपालातून शिक्षकांना दिसले.

शिक्षिकांची खरी अडचण कोणती होती?

खेडोपाडी फिरताना ॲना यांच्या लक्षात आले की, मुलांना शिकवणे अवघड नाही, शिक्षिकेची भीती घालवणे अवघड आहे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले नाही तर काय, ही ती भीती. गणितात आणि व्याकरणात उत्तर पुस्तकाच्या मागे असते. बेडकाबाबत तसे नसते. त्यामुळे अनेक शिक्षिका हा विषयच टाळत, नाहीतर एखादे पुस्तक मोठ्याने वाचून वेळ भागवत.

यावर ॲना यांनी सांगितलेला मार्ग त्या काळच्या शाळेत धक्कादायक होता. उत्तर ठाऊक नसेल तर शिक्षिकेने तसे सरळ सांगावे आणि आपण मिळून शोधू या म्हणावे. हे उत्तर कदाचित जगातल्या कोणत्याही प्राध्यापकाला माहीत नसेल, अशी शक्यताही त्या पुढे ठेवत. अज्ञान कबूल केल्याने शिक्षिकेचा मान जातो, हे त्यांना मान्य नव्हते. उलट मुलांना शिक्षिका आपल्या बाजूची वाटू लागते, असा त्यांचा अनुभव होता. भित्र्या शिक्षिकेला धीर देण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे टपालाने पत्रके पाठवली. घरबसल्या निसर्ग अभ्यास, असे त्या मालिकेचे स्वरूप होते. आजचे ऑनलाइन प्रशिक्षण म्हणता येईल, फक्त पोस्टमनच्या हातून येणारे.

प्रत्यक्ष शिकवण्याची रीत कशी होती?

तोवर शाळेतील प्राथमिक विज्ञानाची मांडणी तर्काने होई. आधी सर्वांत साधे जीव, मग क्रमाने गुंतागुंतीचे. ॲना यांना लहान मुलांसाठी हा क्रम निरर्थक वाटे. मुलाला आज जे सापडले तिथून सुरुवात करायची. दारातला रॉबिन पक्षी असेल तर तो, खिडकीवरचा सुरवंट असेल तर तो. मुलाच्या डोक्यातला क्रम त्याच्या अनुभवातून नंतर तयार होतो, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्या ग्रंथातील पक्ष्यांचा भाग याचे चांगले उदाहरण आहे. तो गरुडाने किंवा एखाद्या दुर्मीळ पक्ष्याने सुरू होत नाही. सुरू होतो तो कोंबडीने. कारण कोंबडी सगळ्यांकडे असते, जवळून पाहता येते आणि पळून जात नाही. पहिल्या धड्यात पिसे हे तिचे कपडे आहेत, एवढीच कल्पना आहे. पाठीवरची पिसे एकावर एक कशी बसली आहेत, पोटाकडची वेगळी दिसतात का, पावसात कोंबडी कशी दिसते, पाणी कुठून ओघळते, हे मुलांनी शोधायचे. मग पुढच्या धड्यांत पंख, चोच, पाय, डोळे येतात. चोचीकडे पाहताना दाणे टिपणे आणि बदकाचे चिखलातून अन्न गाळणे यांची तुलना होते. अनुकूलन हा अवघड शब्द न उच्चारताच मूल त्या कल्पनेपर्यंत पोहोचते.

प्रत्येक धड्याचा साचा ठरलेला आहे. आधी एक मुख्य विचार, मग शिकवण्याची पद्धत, त्यानंतर मुलांनी स्वतः पाहून उत्तरे द्यायचे प्रश्न. शिक्षिकेला लागणारी माहिती धड्याआधी गोष्टीसारखी दिलेली आहे, पण ती मुलांपुढे ओतायची नाही. उत्तर मुलाच्या डोळ्यांनी द्यायचे. डबक्यातली बेडकाची अंडी काचेच्या भांड्यात आणून ठेवायची आणि पाय फुटून शेपूट झिजेपर्यंत रोज पाहायची, किंवा मुंग्यांची वसाहत दोन काचांच्या मध्ये बसवायची, ही कामे याच रीतीतली. त्यांना लागणारे साहित्य स्वयंपाकघरातून मिळत असे.

काही सूचना आज वाचताना विशेष लक्ष वेधतात. निसर्गाचा तास छोटा हवा, दहा मिनिटांपासून फार तर अर्ध्या तासापर्यंत. मुलाचे लक्ष संपले की धडा संपला. नावे घोकून घ्यायची नाहीत. नवा माणूस भेटला की त्याचे नाव आपण बोलता बोलता शिकतो, तशीच पाखरांची नावे वापरून वापरून तोंडी बसतात. निरीक्षणवही ही मुलाची खासगी मालमत्ता. शिक्षिकेने तिच्यात लाल शाईने शुद्धलेखन तपासायचे नाही. शेवटची सूचना पाळणारी शाळा आजही विरळाच सापडेल.

जगण्या-मरण्याच्या प्रश्नालाही त्यांनी बगल दिली नाही. कोळी माशीला पकडतो, पक्षी अळी खातो, हे मुलांपासून लपवता येत नाही. पण धड्याचा भर शिकारीच्या थरारावर न ठेवता प्राणी कसा जगतो यावर असावा, असे त्या सुचवतात. फुलपाखरे मारून टाचण्याची त्या काळी फॅशन होती. लहान मुलांच्या वर्गासाठी अळी पाळून तिचे फुलपाखरू झालेले पाहणे त्यांना अधिक मोलाचे वाटे.

ग्रंथ कसा छापला गेला?

पत्रके साचत गेली आणि १९११ मध्ये त्यांचा ‘हँडबुक ऑफ नेचर स्टडी’ हा ग्रंथ झाला. प्राणी, वनस्पती आणि पृथ्वी-आकाश असे त्याचे मोठे भाग. त्यात डँडेलियन हे कुरणात तणासारखे उगवणारे पिवळे फूल आहे, ओढा आहे, हवामान आहे, तारे आहेत. एवढा जाडजूड ग्रंथ शिक्षिका विकत घेतील, असे कोणालाच वाटत नव्हते. जॉन यांनी सहकाऱ्यासह १८९० च्या दशकात एक छोटी प्रकाशन संस्था काढली होती. तिथूनच तो छापायचा ठरला, पण यात नुकसान होणार, अशी जॉन यांनाही खात्री होती. प्रत्यक्षात संस्थेला सर्वाधिक कमाई याच पुस्तकाने करून दिली. १९३९ पर्यंत त्याच्या २४ आवृत्त्या झाल्या आणि आठ भाषांत भाषांतरे झाली.

त्यांचे लेखन एवढेच नव्हते. मधमाश्या पाळण्यावर (१९०५), पाळीव प्राण्यांवर (१९१४), झाडांवर (१९१६) त्यांची पुस्तके आहेत. टोपणनावाने एक कादंबरीही आहे. १९१७ पासून काही वर्षे त्यांनी ‘नेचर स्टडी रिव्ह्यू’ हे नियतकालिक संपादित केले.

प्राध्यापकपदाचा वाद काय होता?

१८९० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेलने त्यांना निसर्ग अभ्यासासाठी सहायक प्राध्यापक नेमले. कॉर्नेलमध्ये असे पद मिळालेली ही पहिली महिला. विश्वस्तांपैकी काहींना महिलेला प्राध्यापक म्हणणे पटले नाही. थोड्याच काळात पदनाम बदलून व्याख्याता करण्यात आले. काम तेच राहिले, वाढतच गेले. त्या गप्प राहून काम करत राहिल्या, असे त्यांच्या चरित्रांत कौतुकाने सांगितले जाते. ते कौतुक थोडे बाजूला ठेवून तारखा पाहाव्यात. सहायक प्राध्यापकपद परत मिळाले ते १९१३ मध्ये, म्हणजे तो ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले १९२० मध्ये. तेव्हा त्या ६५ वर्षांच्या होत्या आणि दोन वर्षांत निवृत्त झाल्या. १९२३ मध्ये महिला मतदारांच्या राष्ट्रीय संघटनेने हयात असलेल्या १२ थोर अमेरिकी महिलांची यादी केली. तिच्यात समाजसेविका जेन ॲडम्स आणि कादंबरीकार ईडिथ व्हॉर्टन यांच्यासोबत ॲना कॉमस्टॉक होत्या.

टीका कोणती झाली?

टीका झाली आणि सगळीच अन्यायकारक नव्हती. निसर्ग अभ्यासात भावना जास्त आणि विज्ञान कमी, असे अनेक वैज्ञानिकांना वाटे. जे हाती लागेल ते शिकवायचे ठरले की वर्षाअखेरीस मुलांना नेमके काय आले, हे सांगता येत नाही. भौतिक आणि रसायनशास्त्राला यात फारशी जागा नव्हती. ज्या शिक्षिकेला पाहण्याची गोडी नाही तिच्या हातात हा विषय पानाफुलांच्या गोड गोष्टींवर घसरे. हा बायकांचा विषय आहे, अशी हेटाळणीही त्यात मिसळलेली होती. निसर्ग अभ्यास शिकवणाऱ्यांत महिलांचे प्रमाण मोठे होते, हे लक्षात घेतले तर त्या शेऱ्याचा रोख कळतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी शाळांत इयत्तावार आखलेले प्राथमिक विज्ञान आले आणि निसर्ग अभ्यास हे नाव मागे पडत गेले.

पण मागे पडले ते वेळापत्रकातून. ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून कीटकनाशकांच्या वापरावर जगाला विचार करायला लावणाऱ्या रेचल कार्सन यांचे बालपण याच चळवळीच्या छायेत गेले. त्यांच्या आईने मुलीला शेतात, ओढ्याकाठी नेऊन जे दाखवले, ते याच रीतीचे होते. १९११ ची आवृत्ती आता स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने इंटरनेटवर मोफत वाचता येते आणि मुलांना घरी शिकवणारे अमेरिकी पालक ती आजही वापरतात.

अखेरची वर्षे कशी होती?

जॉन यांना १९२६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. त्यांची शुश्रूषा करत असताना, स्वतःची तब्येत ढासळत असतानाही ॲना शिकवत होत्या. कर्करोगाने २४ ऑगस्ट १९३० रोजी त्यांचे निधन झाले. सात महिन्यांनी जॉन गेले. दोघांना मूल नव्हते. प्रकाशन संस्था त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या नावे केली होती.

ॲना यांनी दोघांच्या आयुष्याची हकीकत लिहून ठेवली होती. ती १९५३ मध्ये पुस्तकरूपात आली, पण संपादकांनी त्यातला बराच मजकूर गाळला होता आणि उरलेल्या भागात जॉन यांची कारकीर्द ठळक झाली होती. मूळ हस्तलिखिताच्या आधारे गाळलेला भाग परत घेऊन सिद्ध केलेली आवृत्ती २०२० मध्ये निघाली. ती छापणारी संस्था तीच, जिला १९११ मध्ये ॲना यांच्या ग्रंथात नुकसान दिसत होते.